पंचावन्न किलो तीनशे

वणी
३१ ऑगस्ट २०२५

ताई,

हे पत्र मी फेब्रुवारीत लिहायला घेतलं होतं. मग मार्चमध्ये. एप्रिलमध्ये तर 'ताई' एवढं लिहूनही झालं होतं, पण तेवढ्यात एका गावी मॅट टाकायला जायचं निघालं आणि त्या कागदावर कोणीतरी भजी ठेवली. कारणं सांगत नाही. लिहायचं टाळलं, एवढंच खरं. तू मोबाइलवर ब्लॉक केलंस, आईला विचारलं तर ती म्हणते "तुमचं तुम्ही पाहा", म्हणून पोस्टानं पाठवतोय. कागद सामन्याच्या गुणपत्रकाचा आहे, मागची बाजू कोरी असते. पुढच्या बाजूला 'चढाई' आणि 'पकड' असे रकाने दिसतील, तिकडे लक्ष देऊ नको.

मी अजून अनिकेतभाऊकडेच आहे. गावोगावच्या कबड्डीला मॅट, दिवे आणि वजनकाटा पुरवायचं त्याचं काम वाढलंय, आता दोन टेम्पो झालेत. काटा माझ्याकडेच असतो. टेम्पोत मी त्याला मांडीवर घेऊन बसतो.

परवा भाऊनंच सांगितलं की तू जिल्ह्याच्या निवड समितीकडे अर्ज केलास. मुलींचं वजन बंद खोलीत घ्यावं आणि बाईमाणसानं घ्यावं. समितीनं भाऊला विचारलंय की जानेवारीत मुकुटबनला काटा खोलीत का नेला नाही. म्हणून म्हटलं, माझ्या बाजूनं काय झालं ते एकदा लिहून टाकावं. तुझ्या बाजूचं तू तेव्हाच माझ्या तोंडावर सांगितलंस.

काटा मंडपासमोर होता. पंचावन्न किलोच्या आतल्या मुलींचे सामने, तीसेक जणी तोलून झाल्या होत्या. प्रत्येक मुलगी येते, ट्रॅकसूट काढते, बूट काढते, खेळायच्या चड्डी-बनियनवर काट्यावर चढते, आकडा मोठ्यानं वाचला जातो. खुर्च्यांवर गाव बसलेलं. हे सगळीकडे असंच चालतं, मी मुकुटबनपुरतं काही वेगळं केलं नव्हतं.

तुझ्या आर्णीच्या सात जणींत तहसीन शेवटची आली. पूर्ण बाह्यांचे, पायभर घट्ट कपडे, वरून संघाचा टी-शर्ट, आणि डोक्यावर ती ताणून बसणारी टोपी, पोहणारे घालतात तशी. पिन नाही, गाठ नाही. पंच नीळकंठ सरांनी नियमाप्रमाणे नखं पाहिली, टोपीला पिन नाही हे पाहिलं, म्हणाले, "खेळायला माझी हरकत नाही." मग ती काट्यावर चढली. पंचावन्न किलो तीनशे ग्रॅम.

"कपडेच तीनशे ग्रॅमचे असतीन," सर म्हणाले. "काढून ये."

"इथं?" तहसीन म्हणाली.

"बाकीच्या पोरींनी इथंच काढले ना?"

"मग सर, असेच दुसरे कपडे माझ्या पिशवीत हायेत. ते वेगळे तोला आणि वजा करा."

"काट्यावर माणूस तोलाचा असते बाई, कपडे नाही."

खुर्च्यांतून कोणीतरी ओरडलं की बुरख्याचा वजनगट वेगळा ठेवा. लोक हसले. मी पण बहुतेक हसलो असेन, मला नीट आठवत नाही. तेव्हा तू पुढे आलीस. म्हणालीस, शाळेची खोली पाच पावलांवर आहे, काटा तिथं न्या, मुकुटबनच्या संघाच्या मॅडम आहेत, त्या तोलतील. सरांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "काय रे श्रावण, नेता येते का काटा? नेला तर बाकीच्या पोरी पुन्हा तोलाव्या लागतीन का?"

मी म्हटलं, काटा एकदा बसवला की हलत नाही.

एवढंच. मी काटेवाला आहे, काट्याबद्दल विचारलं, मी सांगितलं. पुढे तुम्ही सहा जणींवर खेळलात आणि पहिल्याच सामन्यात हरलात, त्यात माझा हात नाही. तहसीननं बूट घातले, दोन्ही लेस नीट बांधल्या आणि मंडपामागे जाऊन बसली. तू माझ्याकडे आलीस आणि जे बोललीस ते इथं लिहीत नाही, मॅट गुंडाळणारे सगळे ऐकत होते.

वणीला सध्या चुन्याची धूळ फार. चहावरसुद्धा साय यावी तशी येते. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

श्रावण


पांढरकवडा
२१ सप्टेंबर २०२५

ताई,

उत्तर आलं नाही. मी तीन आठवड्यांत चार गावं फिरलो, पत्र माझ्या मागे धावत असेल असं धरून चालतो.

इथले सामने पुढे ढकलले. टिपेश्वर अभयारण्यातला वाघ रात्री रस्ता ओलांडून एका वाडीपर्यंत आला म्हणे, म्हणून लोक संध्याकाळी बाहेर पडत नाहीत. मी सकाळी त्याचे ठसे पाहायला गेलो होतो. माझ्या तळहाताएवढा एक ठसा होता, पण तिथल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की तो वाघाचा नाही, कालच्या फोटोवाल्यांनी बोटानं मोठा केलाय. आता मूळ ठसा केवढा होता हे कोणालाच माहीत नाही. तासभर तिथंच बसलो.

मुद्दा राहिला. समितीनं भाऊला टाइप केलेला कागद पाठवला. 'मी, खाली सही करणार, असे लिहून देतो की वजनकाटा एकदा बसविल्यानंतर हलविणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नव्हते.' भाऊ म्हणाला, "सही कर आणि मोकळा हो. तुझ्या ताईचा अर्ज आपोआप निकाली निघते, आपल्याले पुढच्या हंगामाचे सामने भेटते."

मी सही केली.

तुला दुसरीकडून कळण्याआधी मी कळवलं, एवढं लक्षात घे. सही चांगली आली. दहावीनंतर पहिल्यांदा पूर्ण नाव लिहिलं.

तुझा अर्ज निकाली निघाला तरी तुझ्या संघाला कोणी काही करत नाही. एकटी तहसीनच राहिली ना? आणि तिनं ती टोपी काढली असती तर विषयच नव्हता, असं इथं मॅट टाकणारी पोरं म्हणतात. मी म्हणत नाही. मी त्या वेळी काही म्हटलंच नाही, काट्याशिवाय.

श्रावण


आर्णी बसस्टँड
१२ ऑक्टोबर २०२५

ताई,

हो, आर्णीहूनच. आपलं घर इथून चालत दहा मिनिटं. आलो नाही.

झोप लागत नव्हती असं काही नाही, झोप मला टेम्पोच्या टपावरपण लागते. पण भाऊ एकदा सहज म्हणाला की तहसीननं खेळणं सोडलं. 'सोडलं' हा शब्द त्यानं असा वापरला जसं कोणी विडी सोडते. म्हणून आलो. कॉलेजच्या गेटवर उभा राहिलो असतो तर तिलाच चार लोकांनी नावं ठेवली असती, म्हणून तिच्या वडिलांना गाठलं. जलीलभाई इथल्याच डेपोत कंडक्टर आहेत. मी म्हटलं, मी दिपालीताईचा भाऊ, मुकुटबनचा काटा माझा होता. ते मला खालून वर पाहून म्हणाले, "ड्यूटी सुटू दे. जे बोलाचं ते घरी, माझ्यासमोर."

घरी गेलो. तिच्या अम्मीनं सरबत दिलं आणि आत न जाता दाराशीच उभ्या राहिल्या. तहसीन स्टुलावर बसली. भौतिकशास्त्राचं पुस्तक तिच्या मांडीवर होतं आणि सगळं बोलणं होईस्तोवर तिनं ते मिटलं नाही, बोट पानात ठेवलं होतं.

"काय काम होतं?"

मी म्हटलं, "काटा हलवता आला असता, हे सांगाले आलो."

"मले माहीत हाय."

"कसं?"

"बुडबुडा गोलाच्या बाहेर होता," ती म्हणाली. "सगळे माझ्याकडे पाहत होते, मी मान खाली घातली. खाली काटाच दिसते."

ताई, आता जे मी दोन पत्रांत लिहिलं नाही ते लिहितो. काट्याच्या कडेला पाण्याची एक चकती असते, त्यात बुडबुडा. चारी पाय पिळून तो बुडबुडा मधल्या गोलात आणला की काटा सपाट बसला असं समजायचं, आणि मगच आकडा खरा धरायचा. दोन मिनिटांचं काम. बॅटरी आहे, काटा कुठंही नेता येतो, नेला की पुन्हा पाय पिळायचे. बस. मुकुटबनला त्या सकाळी मी पाय पिळलेच नाहीत. शाळेमागे बोअरची गाडी आली होती आणि तिचा रॉड दीडशे फुटांवर अडकला होता. मी हैदराबादकडे बोअरच्या गाडीवर चार महिने होतो, हे तुला माहीत आहे. तो रॉड कसा काढतात ते पाहत बसलो. परत आलो तोवर मुली रांगेत होत्या. काटा टेकवला, चालू केला, तोलायला लागलो. तिसाव्या मुलीला वगैरे बुडबुडा दिसला. कडेला जाऊन चिकटला होता. तेव्हा सांगितलं असतं तर तीसही जणी पुन्हा तोलाव्या लागल्या असत्या, आणि कशामुळे ते सरांनी माइकवर सांगितलं असतं.

काटा खोलीत नेला असता तर तिथं पाय पिळावे लागले असते. ते करताना सरांनी पाहिलं असतं. म्हणून म्हटलं, काटा हलत नाही.

हे मी जलीलभाईंच्या घरी जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. बोअरच्या गाडीपर्यंत आलो तेव्हा अम्मी आत निघून गेल्या.

मी विचारलं, "मग तेव्हाच काहून नाही बोलली?"

"कोणाले बोलू? लोक टोपीवर हसून राह्यले होते. मी म्हटलं असतं काटा खोटा हाय, तर म्हणले असते, पहा, आता काट्याले नाव ठेवते."

"वजन कमी भरलं असतं का?"

"काय माहीत. जास्तही भरलं असतं." तिनं खांदे उडवले. "जास्त भरलं असतं तर घरी येऊन दोन पोळ्या कमी खाल्ल्या असत्या. त्याचं काही नाही. पण मले कपड्यासाठी बाहेर केलं ना. हे कपडे कोणी सांगितले म्हणून नाही घालत मी. अब्बा तर म्हणते उन्हाळ्यात काढत जा."

जलीलभाई खिडकीकडे पाहत होते. म्हणाले, "मुकुटबनहून आली तेव्हा मी पण हेच म्हटलं हिले. एक दिवस काढली असती टोपी तर काय झालं असतं, बेटा. पंधरा दिवस बोलली नाही माझ्यासंग." मग मला म्हणाले, "आणि तिकडं तुम्ही रॉड पाहत होते."

मी म्हटलं, "होय."

"निघाला का?"

"काय?"

"रॉड."

"निघाला," मी म्हटलं.

ते हसतील असं वाटलं. हसले नाहीत. उठून पंखा बंद केला, म्हणजे मी निघावं.

दारात मी तहसीनला सांगितलं की नोव्हेंबरात यवतमाळला निवड चाचणी आहे, संघ लागत नाही, एकेकटी मुलगी नाव देऊ शकते. मी समितीला खरं लिहून दिलं तर खोली मिळेल. येशील का?

"नाही," ती म्हणाली. "नऊ महिने कोणीतरी खरं बोलीन म्हणून मी बसून नाही राह्यली. तुमचं तुम्ही लिहून द्या. माझ्यासाठी नका देऊ."

आणि पुस्तकातलं बोट काढून तिनं पान उलटलं.

बस लागली आहे. घरी येणार होतो, पण तुझ्यासमोर काय तोंड घेऊन उभा राहू ते अजून ठरलं नाही.

श्रावण


यवतमाळ
२ नोव्हेंबर २०२५

ताई,

लिहून दिलं.

तेही पटकन नाही. दिवाळीत दिलं असतं, पण दारव्ह्याला एक माणूस चक्क मासे पकडायची जाळी हातानं विणताना दिसला, त्याच्याकडे तीन दिवस राहिलो. मला आता एक गाठ येते. मग यवतमाळला आलो.

समितीच्या कार्यालयात नीळकंठ सर होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते रोज तिथं पेपर वाचायला येतात. मी माझा कागद दिला. दोन पानं झाली होती, बोअरच्या गाडीसकट. सरांनी चष्मा लावला, आधी भाऊनं पाठवलेला टाइप केलेला कागद काढला, शेजारी माझा ठेवला आणि दोन्ही सह्या पाहत बसले.

"खोटं लिहून देताना सही झोकात केली," म्हणाले. "खरं लिहिताना हात काहून कापला बे?"

मग त्यांनी पूर्ण वाचलं. बाहेरून कोणीतरी चहा आणला, त्याला हातानंच परत पाठवलं.

"तीस वर्षं झाली मले पंच होऊन. नखं पाह्यली, तेल लावून आली का ते पाह्यलं, बांगड्या काढायले लावल्या. काटा कधी पाह्यला नाही. काटेवाल्यावर सोडला." मग म्हणाले, "तिनं सांगितलं होतं ना, कपडे वेगळे तोला? मी तिले उडवून लावलं. लोकं हसले म्हणून मले वाटलं मी चांगलं बोललो."

मी म्हटलं, "सर, चूक माझी होती."

"ते लिहिलं हाय ना तू. माझं मले म्हणू दे."

ताई, मला सर आवडत नाहीत, तुला माहीत आहे. शाळेत त्यांनी मला मैदानाला अकरा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. पण त्या दिवशी ते मला जरा कमी नावडले.

बैठकीत तुझा अर्ज पुन्हा घेतला. मी दाराबाहेर होतो, आवाज येत होता. एकानं म्हटलं, आज खोली मागते, उद्या मैदान मागतीन. दुसऱ्यानं म्हटलं, एका पोरीसाठी एवढं? सर म्हणाले, "एका पोरीले खोट्या काट्यावर बाहेर काढलं तेव्हा नाही विचारलं कोणी." शेवटी ठरलं ते असं: चाचणीला काटा खोलीत. तोलणारी बाई. पण बाई पंच जिल्ह्यात दोघीच, एक बाळंतपणाला माहेरी गेलेली आणि दुसरी तू. तू मुली घेऊन येणार, म्हणून नियमानं तुला तोलता येत नाही. बाई सापडली नाही तर पहिल्यासारखंच, सगळ्यांसमोर. सोळा नोव्हेंबर, वजन सकाळी आठ ते दहा, दहा वाजता वही बंद.

अनिकेतभाऊला त्याच संध्याकाळी कळलं. फोनवर म्हणाला, "माझ्या काट्याची इज्जत घालवली तू. टेम्पोची किल्ली पानवाल्याकडं ठेव." ठेवली. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. काटा बिचारा चांगला आहे, पाहणारा मी होतो.

सध्या सरांच्या घराच्या गच्चीवर झोपतो. त्यांनीच बोलावलं. म्हणाले, समितीचा स्वतःचा काटा आहे, चाचणीला तो तूच लावशील. "आता तुझ्याएवढा सरळ काटा जिल्ह्यात कोणी लावणार नाही." ही शिवी होती की काय ते कळलं नाही.

तहसीन येणार नाही म्हणाली, ते तुला माहीत असेलच. तरी खोली लागते आहे.

श्रावण


यवतमाळ, क्रीडागृह
१६ नोव्हेंबर २०२५, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं

ताई,

तू माझ्यासमोर बसली आहेस. मध्ये दोन मॅट आहेत. तरी लिहितोय, कारण तू मघाशी शेजारून गेलीस आणि माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "पत्रं मिळाली." त्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. कागदावर सुचते, तुला ठाऊक आहे, शाळेत बोलायचे मार्क मला कधीच नव्हते.

खोली साडेसहाला तयार केली. खिडकीला जुन्या स्पर्धेचा फलक उलटा करून लावला. काटा लावला, पाय पिळले, सरांना बोलावून दाखवलं, त्यांनी गुडघ्यावर बसून पाहिलं. मग मी बाहेर आलो आणि तेव्हापासून आत गेलेलो नाही.

बाई मिळाली. सरांच्या गल्लीतल्या कोकिळाबाई, अंगणवाडीवाल्या. पंधरा वर्षं दर महिन्याला लेकरं तोलतात. काट्याचं काय ते मला त्यांना सांगावंच लागलं नाही, उलट त्यांनीच मला विचारलं, "रिकामा शून्य दाखवते ना?" त्यांना एकच सवय सुटत नाही. आतून सारखा आवाज येतो: "सरळ उभी राहा माय. हलू नको. झालं, झालं, रडू नको." मघाशी पुसदकडच्या एका तांड्यावरून आलेली मुलगी हसत हसतच बाहेर आली. म्हणे बाईंनी वजन लिहिलं आणि म्हणाल्या, "वाढ चांगली हाय."

आता एक सांगतो, ते मी ठरवून पाहिलं नाही, दारात उभा होतो म्हणून दिसलं. समितीनं दोन्ही ठेवलं होतं. ज्यांना घाई असेल त्यांच्यासाठी एक साधा काटा बाहेर, सर तोलणार. आणि खोली. मला वाटलं होतं खोलीत कोणी जाणार नाही. आठ वाजता दार उघडलं तर सगळी रांग खोलीकडे लागली. मुकुटबनच्या, वणीच्या, झरीकडच्या, तांड्यांवरच्या. बाहेरच्या काट्यावर एकही नाही. सर दहा मिनिटं एकटेच काट्यापाशी उभे राहिले, मग त्यांनी तो बंद केला आणि खुर्ची घेऊन नोंदणीच्या टेबलावर जाऊन बसले. मी इतकी वर्षं काटा लावतो आहे. एकाही मुलीनं मला कधी म्हटलं नाही की बाहेर नको. मी विचारलंही नव्हतं.

तुझ्या सहाही जणी झाल्या, नाही का? सातव्या जागेवर तू तुझी पिशवी ठेवली आहेस.

नऊ पंचवीस.

तू दोनदा बाहेर जाऊन रस्ता पाहून आलीस. मी पण एकदा. समोर एक माणूस उसाच्या रसाच्या गाड्याचं चाक दुरुस्त करत होता, पण मी थांबलो नाही, परत आलो.

तू आत्ता मॅटच्या कडेनं माझ्याकडे आलीस. म्हणून मध्ये थांबलो होतो. तू म्हणालीस, "फोन बंद हाय तिचा." मी म्हटलं, "ती नाही येणार म्हणाली होती." तू म्हणालीस, "तुले काहून सांगितलं तिनं, मले नाही सांगितलं." मी म्हटलं, "मी विचारलं होतं." त्यावर तू माझ्या हातातला कागद पाहिलास आणि म्हणालीस, "अजून लिहूनच राह्यला का बे?" एवढं बोलून परत गेलीस. ते मी इथं लिहून ठेवतो, कारण दहा महिन्यांत तू मला प्रश्न विचारलास तो हा पहिला.

नऊ सदतीस.

खोलीची रांग संपली. कोकिळाबाई बाहेर येऊन पाणी पिऊन गेल्या. विचारतात, "सगळी लेकरं झाली का?" सर म्हणाले, वही दहापर्यंत उघडी आहे. खरं सांगायचं तर ती यावी असं मला वाटत होतं, पण ती आली तर माझ्या चुकीची भरपाई झाली असं मला वाटेल, आणि तिनं ते आधीच ओळखून नको म्हटलं होतं. म्हणून ती नाही आली तर ते तिचं बरोबरच आहे. असं लिहायला बरं वाटते. दाराकडे मात्र पाहतोच आहे.

नऊ त्रेचाळीस.

ताई, तू उभी राहिलीस ते मी पाहिलं, म्हणजे तुलाही दिसलं. तरी लिहितो, हात थांबत नाही. फाटकात एक ऑटो लागला आणि त्यातून मुली उतरायला लागल्या, उतरतच राहिल्या. मी मोजल्या, सात. सगळ्यात पुढे तहसीन. सगळ्यांच्या डोक्यावर तशाच टोप्या, दोघींच्या मोठ्या झाल्यात, भुवयांवर येतात. एकीच्या नाही, ती दोन वेण्यांवर आहे. जलीलभाई ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर बसून आलेले, ते उतरले आणि तिथंच थांबले, फाटकाच्या आत आले नाहीत.

तहसीन तुझ्याकडे आली नाही, माझ्याकडे तर नाहीच. सरळ टेबलाकडे गेली. सातही जणींची आधार कार्डं तिनं सरांसमोर पत्त्यांसारखी लावली.

"तू तर येणार नव्हती म्हणे," सर म्हणाले.

"मी एकटी येणार नव्हती, सर."

"ह्या कोण?"

"उर्दू शाळेच्या. आणि ही आमच्या गल्लीतली, समीक्षा." ती वेण्यांवरची. "मार्चपासून शाळेमागच्या अंगणात खेळून राह्यलो. पंचावन्नच्या आतल्या हायेत सगळ्या, मी घरून किराण्याच्या काट्यावर तोलून आणल्या."

"सतरा मिनिटं राह्यली."

"म्हणून म्हणते, सर, लवकर लिहा."

सरांनी वही ओढली. कोकिळाबाई खोलीच्या दारात येऊन उभ्या आहेत, पदर खोचलेला. तू अजून तिथंच उभी आहेस, ताई, तोंडावर हात ठेवून. सरांनी पहिलं नाव लिहिलं, दुसरं लिहिलं, मग प्रशिक्षकाच्या रकान्यावर पेन थांबवून विचारलं, "इथं दिपाली मॅडमचं नाव टाकू?"

सगळ्यात लहान होती ती, टोपी भुवयांवर आलेली, ती पटकन म्हणाली, "नाही, तहसीन आपाचं. आपाच शिकवते."

सरांनी चष्म्यावरून तहसीनकडे पाहिलं. "मग तू शिकवणारी की खेळणारी? एक काय ते सांग."

ती खाली बसून बुटांच्या लेस सोडत होती. वर न पाहता म्हणाली, "दोन्ही लिहा, सर."